विहारापुढच्या पिंपळाची छाटणी

धरणगाव
२८ मे १९८९

चि. देवचंद यास वच्छलाअक्काचे अ. आ. आणि जयभीम.

इकडे सर्व ठीक असं नेहमीसारखं लिहायला बसले होते, पण यावेळी तसं लिहिता येत नाही. बुद्धपौर्णिमा चांगली पार पडली. मांडव अजून निघायचा होता. दुपार कलल्यावर एकाएकी वावटळ उठली आणि विहारापुढच्या पिंपळाची रस्त्याकडची फांदी कडाड मोडून खाली आली. समोरच्या घरातली कलाबाई तेव्हा सतरंज्या गोळा करत होती. अंगावर आली असती तर मला हे पत्रही लिहवलं नसतं. पायावर आली. नडगीचं हाड मोडलं. जळगावच्या दवाखान्यात प्लास्टर घालून तिला घरी आणली आहे. पेरण्या तोंडावर आल्यात आणि ती खाटेवर. तिचा स्वयंपाक मीच बघते. ती माझ्या भाकरीला नावं ठेवते, म्हणजे जीव ठिकाणावर आहे.

आता तिचा नवरा पुना ऐकत नाही. तो तसा शांत माणूस, तुला ठाऊकच आहे. पण परवा विहारात बैठक झाली तेव्हा उभा राहून एवढंच बोलला, "बठ्ठं झाडच काढी टाका." आणि खाली बसला. कोणी त्याला उलट बोललं नाही. कसं बोलणार? छगन लाकूडतोड्याला सांगावाही गेला.

देवचंद, हे झाड तुझ्या भाऊजींनी लावलेलं. दीक्षेच्या दुसऱ्या वर्षी, ज्या विहिरीवर आपल्या माणसांना चढू देत नव्हते तिच्या दगडातून हे बोटाएवढं रोप त्यांनी अलगद सोडवून आणलं. तू तेव्हा शाळेत होतास आणि पाणी घालायचा कंटाळा करायचास. ते जाऊन आता चार वर्षं झाली. माझ्या डोळ्यांदेखत झाड जाऊ नये एवढंच वाटतं.

तू धुळ्याच्या सरकारी रोपवाटिकेतला माणूस. तुझा शब्द इथे मानतात. या दिवसांत चिकाच्या झाडाला हत्यार लावायचं नसतं असं म्हणतात ना? तेवढंच एका कागदावर लिहून पाठव, मी बैठकीत वाचून दाखवीन. मोडलेल्या फांदीच्या जोडीची दुसरी फांदी कलाच्या पत्र्यांवर गेलेली आहे. ती वाऱ्याला कुरकुरते, पण ती पहिल्यापासून कुरकुरतेच.

इंदिराला आशीर्वाद. तिची पाठ दुखायची थांबली का ते कळव. उत्तराची वाट बघते.

तुझी अक्का

*

धुळे
३ जून १९८९

ती. अक्कास सा. जयभीम वि. वि.

पत्र पोचलं. वाचून दोघांनाही जेवण गेलं नाही. कलावहिनींना सांग, हाड जुळेपर्यंत पाय टेकवायची घाई करू नका. इंदिराची पाठ बरी आहे. ती म्हणते, अक्कांनी दोन घरच्या भाकरी थापून आपली पाठ मोडून घेऊ नये.

आता झाडाचं. तू ऐकलंस ते खरं आहे. वड, पिंपळ, उंबर, अंजीर, चाफा या सगळ्यांच्या अंगात दूध असतं. फाल्गुन-चैत्रात तांबूस पालवी फुटते तेव्हा झाडाने वर्षभर जमवलेलं सगळं वर चढलेलं असतं. तेव्हा कापलं तर चीक थांबत नाही आणि पालवीचा घास जातो. पावसाळ्यात कापलं तर जखम ओली राहते, बुरशी धरते, किडा आत शिरतो. म्हणून अशा झाडाची छाटणी पौष-माघात, कडक थंडीत करायची. जुनी पानं पिकलेली असतात, नवे डोळे अजून मिटलेले असतात, झाड निजल्यासारखं असतं. आणि एका वेळी चौथ्या हिश्शाहून जास्त फांद्या उतरवायच्या नाहीत.

पण अक्का, तुला हवा आहे तसा कागद मी लिहिणार नाही. तो अर्धाच खरा होईल. तू कुरकुरणाऱ्या फांदीचं ओझरतं लिहिलंस. मला पत्रातलं तेवढंच दिसत राहिलं. दोन सारख्या जाडीच्या फांद्या एकाच जागेतून फुटल्या आणि त्यातली एक मोडली, की दुसरीचा जोर गेलेला असतो. एक काम कर. बेचक्यात नीट बघ. तिथे काळी रेघ दिसते का? त्या रेघेतून पाझरून वाळलेला चीक आहे का? असेल तर ती फांदी आतून उकलते आहे. तिला ऋतू विचारत बसायचं नाही. मृगाचा जोर धरायच्या आत ती उतरलीच पाहिजे. झाडाची जखम बुजायला दोन पावसाळे जास्त लागतील, लागू देत. बाकीचं झाड उभं राहील. माघात त्याचं ओझं हलकं करू.

छगनला तोडायची रीत सांगून ठेव, कारण घाईत तो खोडाची साल सोलून काढील. पहिला काप फांदीच्या खालून, खोडापासून हातभर लांब, तिसऱ्या हिश्शापर्यंतच. दुसरा काप वरून, त्याहून थोडा पुढे. म्हणजे फांदी आपल्या वजनाने सुटते आणि साल ओढून नेत नाही. मग उरलेला खुंट. फांदी खोडाला मिळते तिथे मनगटातल्या कड्यासारखी वळी असते. तिला धक्का न लावता तिच्या बाहेरून कापायचं. जखम तीच वळी भरून काढते. डांबर फासायचं नाही. मोरचूद आणि चुन्याचा लेप पुरे. करवत चिकाने अडते, तेव्हा रॉकेलच्या फडक्याने पुसत राहायची. डोळ्यांत चीक जाऊ द्यायचा नाही.

बोलाव, मी येतो. रोपवाटिकेत सध्या शेवग्याची रोपं भरायची गडबड आहे, तरी सुट्टी मिळेल. पुनाभाऊंवर राग धरू नकोस. त्यांच्या जागी मी असतो तर बैठकीत एवढ्या शांतपणे बोललो नसतो.

आपला,
देवचंद

*

धरणगाव
१२ जून १९८९

चि. देवचंद यास अ. आ.

तुझं पत्र मिळालं. छान लिहितोस. साहेब झालास.

बेचकं बघितलं. रेघ आहे. चीकही आहे. म्हणून काय झालं? माझ्याही टाचांना भेगा आहेत, मी चालते ना?

ती फांदी कुठली हे तुझ्या लक्षात नसेल. तुझे भाऊजी त्याच फांदीला कंदील टांगून बायकांचा वर्ग घ्यायचे. कलाबाई, मी, आणखी कितीतरी जणी त्या कंदिलाखाली अक्षरं शिकलो. दोरीचा वळ अजून सालीवर आहे. फांदी जाडावली तसा तो वळ आता सालीत खोल रुतला आहे. रस्त्याकडची फांदी गेली ती वाऱ्याने नेली. ही मी माझ्या तोंडाने कापा म्हणू?

छगन काल आला होता. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. पुनाला सांगितलं की देवचंद माघात बघू म्हणतो. तू तसं लिहिलंच आहेस.

तू येऊ नकोस. तुझी रोपं भर.

वच्छला

*

धरणगाव
२० जून १९८९

आदरणीय देवचंदभाऊंना कलाबाईचा जयभीम.

पत्र मीच लिहिते आहे. अक्षराला हसू नका. किती वर्षांत किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. लिहिताना वर्गात शिकवलेली भाषा येते, बोलताना आपली. मधेच मिसळलं तर समजून घ्या.

तुम्ही पत्रात काय लिहिलं ते अक्काने आम्हाला सांगितलं नव्हतं. माघात छाटू एवढंच सांगितलं. पण तिचं वागणं मला चमत्कारिक वाटलं. पाऊस सुरू झाला तशी ती माझी खाट उचलवून तिच्या घरी घेऊन गेली. म्हणाली, तुझ्याकडे गळतं. आमचे पत्रे नवे आहेत भाऊ, गळत नाहीत. मग ह्यांनाही जेवायला, झोपायला तिकडेच बोलावलं. आणि स्वतः काय करते, तर सकाळ झाली की माझ्या घरात जाऊन बसते. दळण निवडते, चूल पेटवते, भाकरी तिथेच करते. माझ्या घरात माणूस नाही आणि अक्का एकटी तिथे.

परवा वारा सुटला तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. फांदी माझ्या घरावर हलत होती आणि अक्का दारात बसून वर बघत होती. तेव्हा मला समजलं. संध्याकाळी मी तिला खोदून विचारलं. तिने तुमचं पत्र माझ्या पुढ्यात टाकलं, म्हणाली वाच. मी सगळं वाचलं. म्हणाली, तू आणि पुना जिवानिशी वाचलात म्हणजे झालं, पडायचीच असेल तर माझ्यावर पडो, पण मी कापा म्हणणार नाही.

देवचंदभाऊ, मी झाडवर रुसेल नही. खरंच नाही. मास्तरांनी ते लावलं, त्याच्याखाली मी माझं नाव लिहायला शिकले. पण अक्कावर मी रुसले. मी तिला विचारलं, "अक्का, झाड मोठं शे का मी?" ती पीठ मळत राहिली. मी परत विचारलं नाही.

ह्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर हे रागाने सगळं झाड पाडतील. तुम्ही या. तिचं दुसरं कोणी ऐकणार नाही. तुमचंही ऐकेल की नाही सांगता येत नाही, पण या.

इंदिरावहिनींना जयभीम. पायाला खाज फार सुटते, प्लास्टरमध्ये काडी घालून खाजवते, हे डॉक्टरांना सांगू नका.

तुमची वहिनी
कलाबाई

*

धुळे
२ जुलै १९८९

ती. अक्कास सा. जयभीम वि. वि.

काल सुखरूप पोचलो. अमळनेरला बस बराच वेळ थांबली, एवढंच. हात अजून चिकट आहेत. इंदिराने गोडेतेल चोळून दिलं तेव्हा कुठे बोटं सुटी झाली.

शुक्रवारी मी बेचक्यापाशी शिडी लावून तुला वर बोलावलं तेव्हा तू चढशील असं वाटलं नव्हतं. पन्नाशी उलटलेली बाई, पदर खोचून चढलीस. मी त्या रेघेत गवताची काडी धरली होती. वाऱ्याने फांदी हलली, रेघ उघडली, काडी आत गेली आणि रेघ पुन्हा मिटली. ते बघून तू खाली उतरलीस. दार लावून घेतलंस आणि आतूनच म्हणालीस, "कर काय करायचं ते." त्यानंतर निघेपर्यंत आपलं धड बोलणं झालं नाही. म्हणून दाराबाहेर काय झालं ते लिहितो.

पुनाभाऊंना मी सगळं सांगितलं. तू त्यांच्या घरात का बसत होतीस तेही. लपवून ठेवण्यासारखं ते नव्हतं. ते ऐकून उठले. मग कोणी न सांगता घरातून बैलांचे दोर घेऊन आले. फांदीला दोन ठिकाणी दोर बांधले आणि विहाराच्या बाजूला ताणून धरायला पाच-सात माणसं उभी केली. पहिला दोर पुनाभाऊंच्या हातात होता.

छगन वर चढला. खालून काप देऊन त्याने करवत वरून लावली. दोन-चार ओढी मारल्या असतील, नसतील. फांदी तिथून तुटलीच नाही. ती बेचक्यातून, रेघेतून उकलली. असा आवाज झाला की बायकांनी कान झाकले. दोर ओढलेला होता म्हणून ती पत्र्यांवर न जाता विहारापुढे मोकळ्या जागी पडली. पुनाभाऊंच्या तळहातांची सालं गेली, पण त्यांनी दोर सोडला नाही. छगनने कमरेला दोर बांधला होता म्हणून तो वाचला.  आतलं लाकूड मी पाहिलं. हातभर जागा काळी, पोकळ, मुंग्यांनी भरलेली. अक्का, ती फांदी आषाढ काढत नव्हती.

मग जखमेतून दूध वाहायला लागलं. खोडावरून ओघळ खाली आला. बायका म्हणाल्या, आता झाड मरतं. मी त्यांना सांगितलं, हे रक्त नव्हे. झाड आपल्याच चिकाने जखम बंद करतं, घाबरू नका. त्यांचा विश्वास बसला नाही. तेव्हा तुझ्या ओट्यावर खाटेवर बसलेल्या कलावहिनी म्हणाल्या की माझ्या पायातूनही त्या दिवशी काय काय वाहिलं, मी मेले का? त्यावर सगळे हसले. मी वर चढून फाटलेली जागा करवतीने साफ केली आणि दुसऱ्या दिवशी चीक वाळल्यावर लेप लावला.

दोरीचा वळ असलेला तुकडा मी वेगळा काढून घ्यावा म्हणत होतो. पण तू विचारलं नाहीस आणि मलाही तुला न विचारता ते बरं वाटलं नाही. लाकडं विहारामागे रचून ठेवली आहेत.

पावसात चढायचं नाही, काही कापायचं नाही. खोडावर भुसा पडलेला दिसला तर कळव, ती किड्याची खूण. रागावली असशील तर रागावूनच चार ओळी लिही.

आपला,
देवचंद

*

धरणगाव
१६ जुलै १९८९

चि. देवचंद यास अ. आ. आणि जयभीम.

रागावून चार ओळी लिहायला बसले होते, पण राग टिकला नाही. दार लावून मी आत काय करत होते ते तू विचारलं नाहीस. काही करत नव्हते. फांदी पडल्याचा आवाज झाला तेव्हा आधी माझ्या तोंडून कलाचं नाव निघालं. तुझ्या भाऊजींची आठवण नंतर आली. म्हणजे कलाने विचारलं होतं त्याचं उत्तर मला ठाऊकच होतं, फक्त तोंडातून निघत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, एवढं सांगायला एवढे दिवस लागले?

पुना आणि कला आपल्या घरी परत गेले. माझं घर एकदम मोठं वाटायला लागलं. तिच्या दारात आता दुपारी ऊन येतं आणि ती माझ्यापाशी तक्रार करते, जसं काही ऊन मीच पाठवलं.

चीक थांबला. लेपाखाली काळा, कडक थर धरला आहे. भुसा नाही, मी रोज बघते. तो वळाचा तुकडा मी नाही ठेवला. ती लाकडं विहाराच्या भोजनाला चुलीत गेली, ओली होती, धूर फार झाला, तरी पहिलं लाकूड मी घातलं. ज्या फांदीखाली ते शिकवायचे तिच्यावर आपल्या माणसांचा भात शिजला. ते म्हणाले असते, बरं झालं.

प्लास्टर पुढल्या महिन्यात काढतील. इंदिराला घेऊन ये एकदा. नुसतं झाडं बघायला येऊ नकोस.

तुझी अक्का

*

धुळे
१४ जानेवारी १९९०

ती. अक्कास सा. जयभीम वि. वि.

अक्का, माघाला येईन म्हणालो होतो, पण जमत नाही. इंदिराच्या पाठीचं दुखणं पुन्हा उठलं आहे, डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं. तिला एकटं सोडवत नाही. छाटणी मात्र पुढच्या वर्षावर टाकू नकोस. पानं पिवळी होऊन गळत असतील, आता योग्य वेळ आहे. नवी पालवी डोकावली की थांबावं लागेल.

तुला रीत ठाऊक आहे. आधी वाळलेल्या फांद्या. मग एकमेकींना घासणाऱ्या, त्यातली कमजोर. मग रस्त्याकडे फार लांब गेलेल्या, त्या मुळापासून नाही, जिथे जोमदार उपफांदी फुटली आहे तिथपर्यंतच मागे घ्यायच्या. शेंडा बोडका करायचा नाही. छगनला हौस येईल, त्याला आवर. झाड कापून सुंदर करायचं नाही, उभं राहील एवढंच करायचं.

तूच खाली उभी राहा. तू उभी आहेस म्हटल्यावर मला घोर नाही.

आपला,
देवचंद

*

धरणगाव
४ फेब्रुवारी १९९०

चि. देवचंद यास अ. आ. आणि जयभीम.

इंदिराला आधी आशीर्वाद. तिला म्हणावं, दुखणं अंगावर काढू नकोस, आणि देवचंदच्या हातचं खावं लागतं म्हणून लवकर बरी हो.

आज छाटणी झाली. गंमत अशी की या वेळी पुनाच आडवा आला. म्हणाला, झाड चांगलं उभं आहे, एवढा पावसाळा काढला, आता कशाला हात लावायचा? मी त्याला म्हटलं, तूच ना सगळं काढायला निघाला होतास? तो म्हणाला, तेव्हा मला फांदी दिसत होती, आता झाड दिसतं. मग मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो ऐकून गेला आणि दोर घेऊन आला. तळहातांवरचे वण अजून आहेत.

मी सकाळपासून खाली उभी होते. छगनकडून एकेक बेचकं हलवून दाखवून घेतलं, मान दुखून आली. वाळलेल्या फांद्या निघाल्या, घासणारी एक निघाली, रस्त्याकडच्या दोन मागे घेतल्या. चीक आला, पण गेल्या वेळेसारखा नाही. थेंब थेंब येऊन जागच्या जागी थिजला. जुन्या जखमेभोवती सालीची नवी कड चढते आहे, ओठासारखी. मधला भाग अजून उघडा आहे. तो भरायला वर्षं लागतील असं तू म्हणाला होतास, तसंच दिसतं. छगनला पूर्वेची एक फांदी आणखी घ्यायची होती, झाड एका अंगाला कललेलं वाईट दिसतं म्हणाला. मी नको म्हटलं. दिसू दे.

आता खरं लिहायचं ते लिहिते. कलाचा पाय जुळला पण थोडा आखूड राहिला. काठी घेऊन चालते. दिवाळीपासून ती कामालाही जाते. माझ्याकडे रोज येते. ती नेहमी मागच्या बोळातून येते, पुनाच्या गोठ्याला वळसा घालून, माझ्या परसदारी. मला वाटायचं तिकडून रस्ता सपाट आहे, काठीला बरा पडतो. बोळ सपाट नाही देवचंद. तिथे दगड आहेत, गटाराचं पाणी आहे. तिचं दार आणि माझं दार समोरासमोर. मधे विहारापुढची जागा, आणि तिच्यावर पिंपळ. एवढ्या महिन्यांत ती एकदाही त्या जागेतून आली नव्हती. वंदनेलासुद्धा ती कडेच्या दाराने यायची. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. तिने सांगितलं नाही. झाडावर रुसलेली नाही असं ती सगळ्यांना सांगत राहिली आणि आम्ही ते ऐकून समाधान मानलं. रुसणं वेगळं आणि भिणं वेगळं.

आज छगन उतरल्यावर ती आपल्या दारात उभी होती. वर बघत होती. पुष्कळ वेळ बघितलं. मग तिने छगनला विचारलं की सगळी बेचकी पाहिलीस का. तो म्हणाला, पाहिली. तिचं समाधान झालं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कला, एकूण एक बेचकं मी बघितलं शे."

मग ती काठी टेकत निघाली. बोळाकडे नाही, सरळ. मधोमध आली तेव्हा थांबली. मला वाटलं मागे फिरेल. मी पुढे झाले नाही, पुनालाही हाताने थांबवलं. तिने मान वर केली नाही. पदर सावरला आणि पुढे आली. माझ्या ओट्याची पायरी चढून म्हणाली, "अक्का, चहा मांड."

ती आत बसली आहे, चहाला उकळी येते आहे, म्हणून पत्र इथेच पुरं करते. थोडं लिहिलं तरी पुष्कळ समज आणि माया आहे तशी राहू दे.

तुझी अक्का
वच्छला